सरजाबाईच्या टोपलीतल्या अकरा गाड्या

रामलिंग भुसणे तापट आहे असं लातुरात कुणी म्हणत नाही. तापट माणूस मधूनमधून थंड होतो. रामलिंग एकाच आचेवर असतो. सकाळी नऊला स्टँडवर येतो, लिंबाखालच्या लोखंडी खुर्चीत बसतो आणि समोरून जाणाऱ्या जगानं आपलं काहीतरी उचलून नेलंय अशा नजरेनं दिवसभर बघत राहतो. क्लासवाले सर, होस्टेलवाले, आरटीओ, पालक, पालकांनी आणलेल्या गाद्या, सगळ्यांबद्दल त्याचं मत वाईट आहे. नांदेडबद्दल त्याला बोलायचंच नसतं. तो विषय निघाला की पाऊण तास बोलतो.

स्टँड क्लासेसच्या वस्तीत, श्रीनाथ सरांच्या फाटकासमोर आहे. भूकंपाच्या वेळी जग लातूरला बघून गेलं. पुढं इथल्या पोरांचे निकाल लागायला लागले तेव्हा जग गादी, कूलर आणि पत्र्याची पेटी घेऊन राहायलाच आलं. मुदखेडचं, नायगावचं, उदगीरचं पोरगं दोन वर्षं दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायचं आणि महिन्यातून एकदा ते वाळलं किती हे बघायला यायचं, अशी पद्धत पडली. बघायला येणाऱ्यांना गाडी लागते. रामलिंगच्या नावाखाली अकरा गाड्या उभ्या राहतात. चार त्याच्या स्वतःच्या, सात ज्याच्या त्याच्या.

या गाड्यांचा कारभार अकरा दगडांवर चालतो. गाडी आली की ड्रायव्हरनं ऑइलपेंटनं आकडा घातलेला आपला दगड झाडाखालच्या ओळीत शेवटी ठेवायचा. पहिली गाडी शीट भरून गेली की तिचा दगड उचलायचा, बाकीचे वीतभर पुढं सरकवायचे. एकदा दगड ठेवला की माणूस मोकळा. जेवून यावं, दाढी करून यावं, सासऱ्याच्या तेराव्याला जाऊन यावं. नंबर दगड धरून ठेवतो. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा गल्लीत घागरींची रांग लागायची. रामलिंगनं घागरीऐवजी दगड ठेवला होता. लोकांनी मानला. दगडाला न मानणारा माणूस त्याला आयुष्यात एकच भेटला आणि तो नांदेड जिल्ह्यातला निघाला.

ती गोष्ट भूकंपाच्या सकाळची. रामलिंग तेव्हा चोवीस वर्षांचा, जीप तिसऱ्या हाताची आणि टाकी कोरडी. बहीण गुणाबाई किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. पंपावर डिझेलला रांग. रामलिंगनं तिसऱ्या नंबरावर दगड ठेवला आणि घरून पहार, सतरंजी, पाण्याचा कॅन आणायला धावला. परत आला तर दगड चौदावा होता. तिसऱ्या जागेवर नांदेड पासिंगची जीप उभी होती आणि नायगावचा नरसिंग पल्लेवाड टाकीत नळी घालून उभा होता. आदल्या रात्री तो सवाऱ्या घेऊन लातूरला आलेला. रामलिंगनं त्याची गचांडी धरली. नरसिंगनं हिसका मारून सोडवली, जीप चालू केली आणि गेला.

रामलिंगचा नंबर अडीच तासांनी लागला. तो गावात पोचला तेव्हा गुणाबाईला ढिगाऱ्यातून काढून साखर कारखान्याच्या ट्रकनं सोलापूरला हलवलं होतं. ती वाचली. डाव्या पायानं लंगडते. दर भाऊबीजेला ओवाळताना, मनात काही नसताना, कुणाला तरी सांगते, “भावाच्या आधी कारखान्याचा ट्रक आला बगा.” अडीच तास आधी पोचला असता तर तिचा पाय वाचला असता का, हे रामलिंगनं डॉक्टरला कधी विचारलं नाही. डॉक्टर नाही म्हणाला असता तर राग ठेवायला जागा उरली नसती.

पुढं नरसिंगनंही नांदेडला नऊ गाड्यांचा स्टँड उभा केला. दोघं एका धंद्यात, एका रस्त्यावर, आणि सव्वीस वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. स्टँडचे कायदे मात्र दोघांनी न ठरवता सारखे केले होते. लातूरची गाडी नांदेडला सवारी सोडून रिकामी परत यायची, कारण तिनं तिथं शीट उचललं तर नरसिंगची माणसं काच फोडायची. नांदेडची गाडी लातूरहून रिकामी जायची, कारण इथं रामलिंगची माणसं चाकातली हवा सोडायची. लातूरला आम्ही सुशिक्षित म्हणून हवेवर भागवतो. रिकाम्या परतीचं डिझेल अर्थातच सवारीच्या माथी. कुणी तक्रार केली तर रामलिंग म्हणायचा, “मग चालत जावा की.”

लोक चालत गेले नाहीत. दोन हजार अठराच्या दिवाळीत बाहेरची एक मोठी कंपनी मोबाइलमधून लातुरात उतरली. तिच्या गाडीला जाण्यापुरतं भाडं. येताना ती दुसरी सवारी घेते. तिला कुणी ओळखत नाही म्हणून काच कुणी फोडत नाही. रामलिंगच्या सातांपैकी दोन ड्रायव्हरांनी कंपनीचं स्टिकर घेऊन डिकीत ठेवलं. डिकीत होतं तोवर रामलिंगनं बघितलं नाही असं केलं.

मग श्रीनाथ सरांनी त्याला ऑफिसात बोलावलं. सरांच्या फाटकावर ‘गाडीसाठी संपर्क’ अशी पाटी होती आणि खाली वर्षानुवर्षं रामलिंगचा नंबर.

“भुसणे, पालकांची ओरड आहे,” सर म्हणाले. “मेच्या पाच तारखेला परीक्षा. त्या संध्याकाळी सगळे खोल्या सोडतील. एका फोनवर, एकेरी भाड्यात गाडी मिळाली तर पाटी तुमची. नाहीतर कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेलाय.”

“सर, मी हितं तुमचा क्लास पत्र्याचा होता तवापासून हाय.”

“म्हणून तर आधी तुम्हाला सांगतोय,” सर म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

सातही ड्रायव्हरांनी त्याच दिवशी, पाटी जिकडं आम्ही तिकडं, असं कळवलं. म्हणजे पाटी गेली की रामलिंगकडं चार गाड्या आणि अकरा दगड राहणार होते.

उपाय आला तोही रागातूनच. मालविका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवते. तिचा नवरा नांदेडला बँकेत. चार वर्षं ती दर शनिवारी रामलिंगच्या गाडीनं नांदेडला जात होती आणि रिकाम्या परतीचं भाडं भरत होती. कंपनीच्या गाडीनं ती एकदा गेली, तर ड्रायव्हरनं लोह्यात भाडं वाढवून मागितलं. तेव्हापासून तिचा दोघांवरही राग होता. एका शनिवारी ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“मामा, तुमच्या अकरा आणि पल्लेवाडांच्या नऊ. वीस गाड्या एका नंबरावर आणा. सवारीनं फोन केला की सगळ्यात जवळची रिकामी गाडी वाजेल. दोन मिनिटांत नाही उचललं तर त्याच्या पुढची. तुमची गाडी नांदेडला रिकामी झाली की तिथलं भाडं तिला, त्यांची इथं रिकामी झाली की इथलं त्यांना. सॉफ्टवेअर मी लिहिते.”

“नांदेडच्या गाड्या माझ्या झाडाखाली?”

“हो.”

“ताई, तुमी जेवून आलाव का? उन्हाचं असं बोलणं होतं.”

पण ड्रायव्हरांच्या डिकीतलं स्टिकर त्याला आता झाकणातून दिसायला लागलं होतं. बैठक ठरली. लातुरात नरसिंग येईना, नांदेडला रामलिंग जाईना. दोन्हीकडून सारखे किलोमीटर पडतील अशी जागा शोधण्यात दोन आठवडे गेले आणि शेवटी अहमदपूरच्या पुढं एका ढाब्यावर दोघं वेगवेगळ्या टेबलांवर एकमेकांना पाठ करून बसले. मधल्या टेबलावर मालविका.

“त्याला म्हणावं, दर लातूरचा लागंल,” रामलिंग ढाब्याच्या भिंतीला म्हणाला.

“त्येला सांगा, लातूरचा दर नांदेडात गाढव बी मानत न्हाई,” नरसिंग रस्त्याला म्हणाला.

“दोघांचेही दर मी रद्द केलेत,” मालविका म्हणाली. “किलोमीटरवर भाडं. सह्या करा.”

नावावरून तासभर गेला. नांदेड-लातूर चालेना, लातूर-नांदेड चालेना. शेवटी नुसतं ‘गाडी’ ठेवलं. वीस ड्रायव्हरांना वीस मोबाइल मिळाले. मालविकानं दोन्ही स्टँडवर जाऊन समजावलं: मोबाइल गाडीत ठेवायचा, मोबाइल जिथं, गाडी तिथं.

रामलिंगनं हे नीट ऐकलं आणि त्याला ते एकदम पटलं. मोबाइल म्हणजे दगड. जिथं ठेवला तिथं नंबर.

दुसऱ्या दिवशी त्यानं हुकूम काढला. सगळ्यात जास्त भाडी क्लासच्या फाटकाशी लागतात, तर मोबाइल फाटकाशी पाहिजे. गाडी कुठंही फिरो. फाटकाला लागून सरजाबाईचा चहाचा गाडा. तिच्या भाकरीच्या टोपलीत अकरा मोबाइल ठेवले गेले, प्रत्येकाच्या पाठीवर ऑइलपेंटनं आकडा. वाजला की सरजाबाईनं हिरवं बटण दाबायचं आणि ओरडायचं, “सटवाजी, तुझा वाजला रे!” सटवाजी, रामलिंगचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, सलूनमधून अर्ध्या दाढीनं धावत यायचा. साध्या दिवशी गाड्या दोन गल्ल्यांच्या आतच असायच्या, म्हणून हे महिनाभर झकास चाललं. मालविकाला संगणकावर लातूरच्या गाड्या कायम फाटकाशी शिस्तीत उभ्या दिसायच्या. तिनं कॉलेजातल्या लोकांना कौतुकानं दाखवलंही.

परीक्षेचा रविवार आला. क्लासच्या बऱ्याच पोरांना केंद्र नांदेडचं लागलं होतं. सकाळी आठला रामलिंगच्या अकराही गाड्या पोरं भरून नांदेडला निघाल्या. सटवाजीनं विचारलं, “मालक, मोबाइल संगं घिऊ का?”

“खुळा का काय? संध्याकाळी फाटकाशी गर्दी होणार. नंबर हितं पायजे.”

त्याच सकाळी नरसिंगच्या नऊ गाड्या नांदेडची पोरं घेऊन लातूरच्या केंद्रांवर आल्या. आज मोठा दिवस म्हणून एक तो स्वतः चालवत होता. पोरं आत सोडून त्यांनी फाटकापलीकडच्या मैदानाच्या कडेला, हवेला जपून, गाड्या लावल्या.

पाचला पेपर सुटला. सव्वापाचला वस्ती रस्त्यावर आली. गाद्यांच्या वळकट्या, कूलर, पेट्या, पुस्तकांची पोती, रडून झालेली पोरं आणि उत्तरं ताडून बघणारे बाप. टोपली वाजायला लागली. सरजाबाई नेकीची बाई. तिनं एकेक मोबाइल उचलून हिरवं बटण दाबलं. चार मिनिटांत अकरा कुटुंबांना गाडी मिळाल्याचा निरोप गेला. पालकांच्या मोबाइलवर गाडी चाळीस फुटांवर उभी दिसत होती. चाळीस फुटांवर सरजाबाई उभी होती.

मुदखेडचे एक गृहस्थ डोक्यावर गादी घेऊन गाड्यापाशी आले. “एमएच चोवीस, सटवाजी. कुठाय?”

“हा काय,” म्हणून सरजाबाईनं तीन नंबरचा मोबाइल दाखवला.

“बाई, मी गाडी विचारतोय.”

“मला काय इचारता? माज्याकडं येवढंच ठेवलंय.”

दहा मिनिटांत टोपलीभोवती अकरा कुटुंबं अंथरुणांसकट जमली. कुणी रामलिंगला चोर म्हणालं, कुणी त्याच्या खुर्चीत कूलर ठेवला. कंपनीच्या दोन गाड्या फाटकासमोरून मुद्दाम सावकाश गेल्या. श्रीनाथ सर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत हात मागं बांधून उभे होते. बाराव्या कुटुंबापासून नरसिंगच्या गाड्यांचे मोबाइल वाजायला हवे होते. पण गर्दी बघून बाकीच्यांनी ‘गाडी’चा नादच सोडला आणि कंपनीचं बटण दाबायला घेतलं.

मालविका स्कूटीवरून आली. तिनं टोपलीत बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मामा, हे काय आहे?”

“नंबर हाय.”

“गाड्या कुठं आहेत?”

“नांदेडला.”

तेवढ्यात रामलिंगचा खिशातला जुना फोन वाजला. पलीकडं सटवाजी होता. “मालक, हितं पोरं गाडी गाडी करून राह्यलीत. आमी रिकामे हाव, पर मोबाइल तिकडं. आन् पल्लेवाडची माणसं माज्या काचाकडं बगू लागलेत.”

मालविकानं दोन वाक्यांत हिशेब सांगितला. टोपलीतले अकरा मोबाइल बंद केले की इथली भाडी सुटतील आणि जवळच्या रिकाम्या गाड्यांना जातील. जवळच्या म्हणजे पल्लेवाडांच्या, मैदानाशी नऊ उभ्या आहेत. नांदेडला तुमच्या गाड्यांना तिथली पोरं हातानं भरून द्यायला त्यांच्या स्टँडवर निरोप गेला पाहिजे. तो एकच माणूस देऊ शकतो.

“मोबाइल बंद करायचा म्हंजी दगड उचलायचा,” रामलिंग म्हणाला. “नंबर असताना म्या आजवर दगड उचलला न्हाई.”

“मग सर पाटी उचलतील.”

नरसिंग गर्दी बघायला रस्ता ओलांडून आलाच होता. सरजाबाईच्या गाड्याच्या एका कडेला तो, दुसऱ्या कडेला रामलिंग, मधे उकळता चहा. सव्वीस वर्षांत इतक्या जवळ ते उभे राहिले नव्हते.

“त्येला सांगा,” नरसिंग मालविकाला म्हणाला, “माज्या गाड्या भरू दे. मी नांदेडला फोन करतो, त्येच्या अकरा तिकडं भरतील. काचाला कुणी हात लावणार न्हाई.”

“त्याला म्हणावं, ह्याच्या जबानीवर कोण इश्वास ठेवील? दगड हालवणारा माणूस हाय त्यो.”

“मामा, आता नको,” मालविका म्हणाली.

“आताच. सव्वीस वर्सं झाली, कबूल करत न्हाई. लोकाला सांगत फिरतो, दगडाला पाय फुटले म्हणून.”

मुदखेडचे गृहस्थ डोक्यावरची गादी सावरत म्हणाले, “अहो, काय असेल ते कबूल करा कुणीतरी. माझी मान चालली.”

नरसिंगनं मालविकाकडं बघणं सोडलं आणि सरळ रामलिंगकडं बघितलं. “गाडीत ढिगाऱ्यातून काढलेली चार माणसं होती. कण्हत होती. एक बाई पाणी पाणी करून राह्यली होती. तुजा दगड तिथं, तू न्हाई. दगडाला काय घाई होती?”

“म्हंजी हालवलास.”

“हाव. हालवला. लाथंनं हालवला. उद्या तसं झालं तर पुन्ना हालवीन.”

चहा उतू गेला. सरजाबाईनं फडक्यानं पातेलं उतरवलं. रामलिंगच्या तोंडावर जे आलं त्याला समाधान म्हणवत नाही. पण बऱ्याच वर्षांनी कागदावर शिक्का मिळालेल्या माणसाचं तोंड तसं होतं.

“कबूल केलास,” तो म्हणाला. “ताई, तुमी ऐकलाव.”

“ऐकलं. मोबाइल.”

रामलिंगनं टोपली मांडीवर घेतली. बंद कसा करायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. मालविकानं कडेचं बटण दाखवलं. एक नंबर दाबून धरला, अंधारला. दोन नंबर. तीन. प्रत्येक वेळी तो मोबाइल दगडासारखा गाड्यावर आपटत होता आणि नवव्यापर्यंत प्रत्येक वेळी मैदानाच्या कडेला एक नांदेडी मोबाइल वाजत होता. तिकडं नरसिंग पाठ फिरवून आपल्या स्टँडवर फोनात ओरडत होता, “भरू द्या म्हन्तो ना! लातूरच्याच हायत. हाव, त्येच्याच. मला अक्कल शिकवू नको, भर!”

पाऊण तासात नऊ गाड्या गाद्या टपावर बांधून गेल्या. शेवटच्या गाडीत मुदखेडचे गृहस्थ बसले. ती नरसिंग चालवत होता. उरलेल्यांना साडेनऊनंतर नांदेडहून पोरं भरून आलेल्या रामलिंगच्या गाड्यांनी नेलं. गर्दीतले दोघंतिघं आधीच कंपनीच्या गाडीनं गेले होते. जाताना रामलिंगला उद्देशून जे बोलले ते सरजाबाईला अजून पाठ आहे.

श्रीनाथ सरांनी सोमवारी पाटी लावली. ‘गाडी’ आणि खाली एकच नंबर. पेंटरनं पत्र्याच्या दोन्ही बाजू रंगवून आणल्या होत्या. भिंतीकडच्या बाजूला कंपनीचा नंबर आहे. सर महिन्यातून एकदा पाटीखाली थांबतात आणि स्क्रूकडं बघतात. रामलिंग ते खुर्चीतून बघतो. सातही ड्रायव्हर त्याच्याकडंच आहेत. डिकीतली स्टिकरंही डिकीतच आहेत.

मोबाइल आता गाड्यांत असतात. तरी ओळीत बारावा दगड आला. त्यावर सव्वीसचा आकडा, नांदेडच्या पासिंगचा. तो रामलिंगनं स्वतः रंगवला आणि कायम शेवटी ठेवला. नांदेडची गाडी झाडाखाली उभी राहील, पण दगड अकराच्या मागं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी नरसिंग सवारी सोडून झाडाखाली आला. गाडीतून उतरला, ओळ बघितली आणि बुटाच्या टोकानं बारावा दगड ढकलत ढकलत पहिल्या जागेवर नेला. मग सरजाबाईकडं चहा घेतला आणि मोबाइल वाजला तसा सवारी घेऊन गेला. रामलिंग खुर्चीतून उठला, दगड उचलून परत शेवटी ठेवला आणि बसला.

हे आता दर शनिवारी होतं. नांदेडला जायला गाडीची वाट बघत उभ्या मालविकानं एकदा सांगून पाहिलं, “मामा, गाडी कुणाला जाते ते मोबाइल ठरवतो. त्या दगडाचा काही संबंध नाही.”

“मला ठावं न्हाई का?” रामलिंग म्हणाला. मग रस्त्याकडं बघून ओरडला, “ए सरजे, त्यो आला बग. दगडावर ध्यान ठेव.”